पूर्णवेळ म्हातारा

कोणतंही गाव आपोआप प्राचीन राहत नाही. त्यासाठी माणसं नेमावी लागतात. तटबंदीच्या आतल्या ज्या गावाची ही हकिकत आहे, तिथे हे काम प्राचीनत्व समिती डोळ्यांत तेल घालून करत असे. मोटारसायकली गवताच्या गंजीत ठेवायच्या. मिक्सर फक्त मनोऱ्यावरची घंटा वाजत असतानाच फिरवायचा (वाटण जाडसर राहिलं की घंटा पुन्हा वाजे आणि प्राचीन गाव बघायला आलेले पाहुणे टोप्या काढून उभे राहत). मनोऱ्यावरचं घड्याळ सव्वाचारलाच बंद ठेवायचं. एका भल्या माणसाने ते एकदा दुरुस्त केलं होतं. गाव त्याच्याशी अजून धड बोलत नाही.

या सगळ्या व्यवस्थेत सर्वांत जबाबदारीचं पद म्हणजे चौकातल्या बाकावर बसलेला म्हातारा. आधीचा म्हातारा मुलाकडे आठव्या मजल्यावर राहायला गेला, तेव्हा ही जागा गावच्या प्लंबरला मिळाली. त्याचे केस काळे होते, ते समितीने ठराव करून पांढरे करून घेतले. दाढी त्याची त्यानेच वाढवली. काम म्हटलं तर सोपं: काठीवर हनुवटी टेकायची, लांब बघायचं आणि कुणी काही विचारलं तर आधी उसासा टाकायचा. गावात नळ गळायचे, प्लंबरच्या हातांना खाज सुटायची. पण मध्ययुगात नळ नव्हते, सबब ते गळतही नाहीत, अशी समितीची भूमिका होती.

त्याची तक्रार एकच. रजा नव्हती. बाक एकदाच रिकामा राहिला होता. त्या दिवशी आलेल्या पाहुण्यांना गाव प्राचीन न वाटता नुसतंच पडीक वाटलं. इकडे लेकीला शहरात मुलगी झाली, ती रांगायला लागली, चालायला लागली, बोलायलाही लागली, आणि आजोबाने तिला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. बाकावर मोबाईल दिसला तर युगभंग होतो, म्हणून बिचारा बेकरीमागच्या रिकाम्या पिंपात उतरून व्हिडिओ कॉल करायचा. नात त्याला ‘पिंपआजोबा’ म्हणायची. लेक हसायची, तोही हसायचा. फोन ठेवला की मात्र त्याला रडू कोसळायचं, आणि पिंपात ते फार घुमायचं.

“बदली माणूस आण आणि खुशाल जा,” समितीचा अध्यक्ष असलेला बेकरीवाला म्हणायचा. “पण आहे कोण, सांग ना! पोरं सगळी शहरात. उरलेत ते म्हातारे, पण एक तरी म्हाताऱ्यासारखा दिसतो का? खेळाचे बूट घालून हिंडतात मेले.”

अशा पेचात एका दुपारी वेशीतून एक व्हॅन आली. आली म्हणजे काय, येत राहिली. याला मंदगती प्रवास म्हणतात. या प्रवासात कुठेही पोचायचं नसतं आणि न पोचण्याची घाईही करायची नसते. व्हॅनमध्ये एक साहेब, त्यांची बायको आणि भोपळ्या नावाचा कुत्रा होता. साहेब तातडीच्या कामांच्या विभागातून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांनी सावकाशपणा स्वीकारला, तोही ताबडतोब. गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे न्यायची नाही आणि कुत्रा बसेल तिथे मुक्काम करायचा, ही त्यांची दोन तत्त्वं. भोपळ्या एकदा टोलनाक्यावरच बसला होता. त्या मुक्कामाविषयी साहेब अजून गहिवरून बोलतात. आता सावकाश जगायचं तर कुणाला तरी भराभर कामं उरकावी लागतात. ते खातं बाईंकडे होतं.

भोपळ्या नेमका बाकासमोर बसला. साहेब म्हाताऱ्याशेजारी टेकले.

“बाबा, वय काय हो तुमचं?” साहेबांनी विचारलं. (ते स्वतः बाबांपेक्षा दोन वर्षांनी मोठे होते.)

उसासा. “मोजलं नाही.”

साहेबांच्या अंगावर काटा आला. “ऐकलंस? मोजलंच नाही म्हणतात!”

“ऐकलं,” चादरी झटकत बाई म्हणाल्या. “मी मात्र मोजतेय. आठ महिने झाले घर सोडून.”

“छे! बसावं तर असं,” साहेब म्हणाले. “मला तर इथेच राहावंसं वाटतंय.”

म्हातारा उसासा विसरून ताडकन उठला आणि काठी तिथेच टाकून बेकरीकडे धावत सुटला. “मिळाला! अहो अध्यक्ष, मिळाला!”

समितीच्या नियमानुसार ‘इथेच राहावंसं वाटतं’ असे गावाच्या हद्दीत उद्गार काढणे हा नोकरीचा अर्ज समजण्यात येतो. हे वाक्य तसं प्रत्येक पाहुणा म्हणतो. पण म्हणता म्हणता तो गाडी चालू करतो, त्यामुळे आजवर कुणी हाताला लागला नव्हता. साहेबांची गाडी पडली मंदगती. समितीने साक्षीदार म्हणून बाईंना विचारलं.

“हो, म्हणाले की,” बाई म्हणाल्या. “या कानांनी ऐकलं. लिहून देऊ?”

साहेबांची लांब बघण्याची चाचणी झाली. त्यात त्यांनी सगळ्यांना थक्क केलं, कारण टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या पलीकडे बघण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

“आणि तुम्हाला कुठे जायचंय हो?” बाईंनी प्लंबरला विचारलं.

“नातीकडे,” तो म्हणाला.

“मग बसा की गाडीत. मी सोडते.”

“अगं, पण जरा सावकाश...” साहेब म्हणाले.

“तुम्ही बसा हो सावकाश. आता तुम्हाला कुण्णी हलवणार नाही.”

आयुष्यात कधी घाई न केलेला भोपळ्या उडी मारून पुढच्या सीटवर जाऊन बसला. गाडीला पाचवा गिअर आहे, हे त्या दिवशी गाडीलाही कळलं.

लेकीच्या दारात नातीने प्लंबरला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आजोबांना पाय असतात हे तिला नवीन होतं. मग तो खाली टेकताच ती त्याच्या मांडीवर चढून बसली. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता; तो त्याने आयुष्यात पहिल्यांदाच आपखुशीने गळू दिला.

साहेबांचं म्हणाल तर ते बाकावरच आहेत. बाई घरी पोचल्या, भोपळ्याही पोचला. “घरी कधी येताय?” असं बाई फोनवर विचारतात तेव्हा साहेब कळवळून सांगतात, “बदली माणूस मिळाला की लगेच, ताबडतोब!” समितीला मात्र चिंता नाही. जाहिरातही द्यायची नाही असं ठरलंय. सुट्ट्या जवळ आल्यात, आणि मागच्या सहलीच्या फोटोखाली तुम्ही स्वतःच लिहिलंय, ‘परत यावंसंच वाटत नव्हतं.’ समिती लेखी अर्जांना प्राधान्य देते.