सगुणाक्काचं कपाट आणि दादासाहेबांचं मरण

एका जंगलात, पोरांनो, शाळेहूनही मोठी एक शाळा होती. तिला कॉलेज म्हणत. तिथं पोरं शिकत कमी आणि नाटकं बसवत जास्त.

त्या नाटकांचा दिग्दर्शक होता श्रीरंग नावाचा मुंगूस. दिग्दर्शक म्हणजे कोण, तर जो स्वतः काही करत नाही आणि दुसऱ्यानं केलेलं त्याला पटत नाही, तो.

दरवर्षी जंगलात नाटकांची स्पर्धा व्हायची. पहिल्या येणाऱ्याला पितळेची गोल ढाल मिळायची, चांगली ताटाएवढी. ढाल फिरती होती. वर्षभर मिरवायची आणि परत द्यायची. श्रीरंगला ती एकदाही मिळाली नव्हती. आदल्या वर्षी तर त्याची पुठ्ठ्याची भिंत ऐन नाटकात कलली आणि मघाशीच मेलेल्या सशाला उठून ती धरावी लागली. लोक आठवडाभर हसत होते.

यंदा त्याचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष. ढाल आता नाही तर कधीच नाही.

त्यानं ठरवलं, यंदा पुठ्ठा नाही. यंदा सगळं अस्सल.

नाटक मोठं दुःखाचं होतं. दादासाहेब नावाचे म्हातारे जहागीरदार कपाटातून विषाची बाटली काढतात, पितात, आरामखुर्चीत कोसळतात आणि मरतात. मग पडदा. दादासाहेब झाला होता मल्हार अस्वल. मरण्यात त्याचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं.

तर कपाट हवं जुनं आणि खुर्चीही जुनी. दोन्ही होती सगुणाक्का सायाळीकडे. कपाट सागवानी, तिच्या आजेसासूच्या लग्नातलं. खुर्ची वेताची.

श्रीरंग तिच्या बिळाशी जाऊन अर्धा दिवस बसला. आक्का, तुमच्या कपाटाला कलेची सेवा करू द्या, म्हणाला. आक्कानं कान खाजवला आणि अटी घातल्या. कपाट न्यायचं ते खेळाच्या दिवशी, तालमींना नाही. आतल्या लोणच्याच्या बरण्या काढायच्या नाहीत. कपाटासकट हललं तर चालतं, पण कपाटातून काढलं की लोणचं रुसतं. आणि कपाटाबरोबर ती स्वतः येणार.

"या की," श्रीरंग म्हणाला. "पुढच्या रांगेत बसवतो."

इथं त्याचं चुकलं. पण दिग्दर्शकाला आपली चूक पडदा उघडल्यावरच दिसते.

महिनाभर तालमी झाल्या त्या खडूच्या रेघांवर. जमिनीवर एक चौकोन काढला, ते कपाट. मल्हार त्यापुढं उभा राहून हवा उघडायचा. हवा लगेच उघडायची.

खेळाच्या दिवशी चार गवे कपाट घेऊन आले. श्रीरंगनं लाल पाणी भरलेली बाटली आक्काच्या हातात दिली, ही तेवढी आत ठेवा म्हणाला, आणि पडद्याच्या दोऱ्या बघायला पळाला. आक्कानं बाटलीचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

पडदा उघडला. कपाट पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रीरंगची छाती फुगली.

नाटक रंगलं. दादासाहेब रडले, प्रेक्षकही रडले. शेवटी दादासाहेब कपाटापाशी गेले आणि त्यांनी दार ओढलं.

दार हललं नाही.

पुन्हा ओढलं. कपाट डुगडुगलं, आत बरण्या वाजल्या, पण दार जागचं ढळेना. मल्हार घामाघूम झाला. स्पर्धेचा नियम होता, पाऊण तासात पडदा पडला नाही तर नाटक बाद. विष नाही तर मरण नाही, आणि मरण नाही तर पडदा नाही. विंगेत श्रीरंग स्वतःची शेपूट चावत होता.

मल्हारनं दाराला खांदा लावला, तशी पुढच्या रांगेतून सगुणाक्का उठली. काटे सावरत, दोघातिघांना टोचत ती सरळ रंगमंचावर चढली.

"सरक रे," ती म्हणाली. "कडी उचलायची, खालचा कोपरा गुडघ्यानं दाबायचा, आणि आधी आत ढकलायचं. धसमुसळा कुठला."

दार उघडलं. आत नुसत्या बरण्या.

मल्हार बिचारा अजून दादासाहेबच होता. "बाई," तो खोल आवाजात म्हणाला, "माझं विष कुठे आहे?"

"ती घाण बाटली होय? ओतून दिलं पाणी. धुऊन पालथी घातलीय मागं."

प्रेक्षक श्वास रोखून बघत होते. मल्हारनं विंगेकडं पाहिलं. श्रीरंग आपल्या गळ्यावरून पंजा फिरवून दाखवत होता. मर बाबा, कशानंही मर. मल्हारनं समोरची आवळ्याची बरणी उचलली, मूठभर लोणचं तोंडात कोंबलं, छाती धरली आणि खुर्चीकडं झोकांड्या खात निघाला.

"खुर्चीत नाही मरायचं," आक्का आडवी आली. "परवाच वेत विणलाय. तिथं सतरंजीवर मर."

दादासाहेब निमूट सतरंजीवर मेले.

"आणि एक ऐकून ठेवा सगळ्यांनी," आक्का प्रेक्षकांकडं वळली. "माझ्या लोणच्यानं आजवर कुणीसुद्धा मेलेलं नाही."

ती बरणी पुसायला लागली. पडदा पडला.

श्रीरंग विंगेत तोंड झाकून बसला. सशाची भिंत परवडली, असं त्याला वाटलं. बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या, पण त्याला वाटलं, लोक कपाटालाच टाळ्या देताहेत.

मग परीक्षक उठले. परीक्षक म्हणजे म्हातारा धनेश, चोच मोठी आणि बोलणं त्याहून मोठं. ते म्हणाले, मरणाच्या दारात संसार उभा राहतो आणि मरणाऱ्याला जागा बदलायला लावतो, असं दृश्य आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही. लोणचं हे जगण्याचं प्रतीक. पहिला क्रमांक याच नाटकाचा, आणि अभिनयाचं बक्षीस सगुणाबाईंना.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" त्यांनी श्रीरंगला विचारलं.

श्रीरंगनं डोळे पुसले, मिशा नीट केल्या.

"ते मुद्दामच केलं होतं," तो म्हणाला.

मल्हारला काही मिळालं नाही. आक्कानं त्याला उरलेली बरणी दिली.

सगळ्यांचा फोटो निघाला. फोटोसाठी ढाल कपाटात ठेवली होती. फोटो झाल्याबरोबर आक्कानं सवयीनं दार लावलं आणि गव्यांनी कपाट उचललं.

आता दर शनिवारी श्रीरंग ढाल बघायला सगुणाक्काच्या बिळात जातो. ती मोठ्या बरणीवर झाकण म्हणून फार चपखल बसलीय. वर्ष उलटल्यावर कॉलेजानं ढाल परत मागितली, तेव्हा आक्का म्हणाली, लोणचं संपलं की घेऊन जा. आणि दरवर्षी आवळ्याच्या दिवसांत ती बरणी पुन्हा भरते.

तात्पर्य : खोटं विष ठेवायला खरं कपाट मागू नये. मागितलंच, तर पुढं जे काही होईल ते आपण मुद्दाम केलं, असं सगळ्यांच्या आधी सांगून टाकावं. आणि मरायचं असेल तर सतरंजीवर मरावं.