प्रभाव-पत्रकाचा चौथा रकाना

समाज सुधारण्यासाठी किमान दोन माणसं लागतात: एक सुधारणारा आणि एक सुधारला जाणारा. पैकी पहिल्या प्रकारच्या माणसांची टंचाई आजवर कुठे जाहीर झालेली नाही. अडचण नेहमी दुसऱ्या प्रकारात येते, आणि आमच्या मंडळीलाही ती तिथेच आली.

त्याचं असं झालं. एका रविवारी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, "आपण ख्रिस्ती माणसं या गल्लीत इतकी वर्षं राहतोय. आपल्यामुळे आजूबाजूला काही बरं घडलं का, एवढं प्रत्येकाने घरी जाऊन बघा." घरी जाऊन बघणं हे काम फारच मोघम होतं. म्हणून उपासना संपली तशी, बाकांवरून उठण्यापूर्वीच, आम्ही सकारात्मक सांस्कृतिक प्रभाव समिती स्थापन केली. निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष झाले (ते कुठल्याही समितीत आपोआप अध्यक्ष होतात, आवाजाचा परिणाम असावा). माझं अक्षर चांगलं म्हणून सचिवपद माझ्याकडे आलं. पाळकसाहेब मध्येच काहीतरी सांगायला उभे राहिले होते, पण तोवर ठराव मंजूर झाला होता.

समितीने प्रभाव-पत्रक तयार केलं. रकाने पाच: अनुक्रमांक, प्रभाव टाकणाऱ्याचं नाव, प्रभावाचा प्रकार (हसू, चहा, धीर, क्षमा यांपैकी एक), प्रभावित व्यक्तीचं नाव आणि तिची सही. प्रत्येक सभासदाने आठवड्याला तीन पत्रकं भरून द्यायची होती.

मग गल्लीची पाहणी झाली. एकूण घरं चौतीस, त्यांतली तीस आमचीच निघाली. (ती आधीच प्रभावित आहेत असं गृहीत धरलं. या मुद्द्यावर चर्चा झाली नाही.) उरलेल्या चारांपैकी एक घर कुलूपबंद होतं. दुसऱ्यातले दातांचे डॉक्टर आम्हालाच गोड कमी करायला सांगत, म्हणजे प्रभाव उलट्या दिशेने वाहत होता. तिसऱ्यातलं जोडपं समितीच्या पहिल्या भेटीनंतर चौथ्या दिवशी बिऱ्हाड हलवून गेलं. राहता राहिला शिलाई मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री.

मिस्त्रीचं दुकान प्रार्थनामंदिराच्या दारासमोरच आहे. पुढे दुकान, मागे एक खोली, त्यात तो आणि त्याची बायको. दुकानात उघडी पडलेली मशीनं, तेलाची बुधली, पट्टे, डबीभर सुया. गंजलेला स्क्रू फिरेना की तो स्क्रूच्या आईवडिलांचा उद्धार करी. समितीच्या दृष्टीने यापेक्षा सोयीचा माणूस मिळणं कठीण होतं.

पहिल्या आठवड्यात मिस्त्रीवर दोनशे तेरा वेळा प्रभाव पडला. शहाण्णव वेळा त्याच्याकडे बघून हसण्यात आलं. एक्केचाळीस वेळा चहा देण्यात आला. अडतीस जणांनी चालू स्थितीतली मशीनं दुरुस्तीला टाकून ती परत मिळेपर्यंत धीर धरला. क्षमेच्या बाबतीत जरा पंचाईत झाली. क्षमा करायला आधी चूक लागते, आणि मिस्त्रीचं काम चोख. तेव्हा त्याला थोड्या चुका करण्याची नम्र विनंती करण्यात आली, आणि त्या त्याने केल्यावर एकवीस जणांनी त्याला उदार मनाने क्षमा केली. उरलेल्या सतरा वेळा तो दुकानात नव्हता, म्हणून बंद शटरकडे बघून हसण्यात आलं.

सह्या करून करून मिस्त्रीचं मनगट धरलं. समितीने ताबडतोब दखल घेऊन त्याला 'प्रभावित झालो' असा रबरी शिक्का करून दिला. पुढे त्याला काम सुचेना म्हणून शिक्का दोरीला बांधून शटरबाहेर टांगण्यात आला, म्हणजे ज्याने त्याने आपापला मारून घ्यावा. आतला माणूस आणि बाहेरची सुधारणा यांचा एकमेकांना त्रास होऊ नये, ही त्यामागची दृष्टी.

मंडळीचे सभासद बहात्तर. त्यांपैकी एकाहत्तरांनी पत्रकं भरली. न भरणारे एकटे ऑर्गनवाले काका. गेली तीस वर्षं ते उपासनेत ऑर्गन वाजवतात आणि कोणाकडेही बघून हसत नाहीत. त्यातून मिस्त्रीशी त्यांचं रोजचं भांडण. ऑर्गनला हवा भरणाऱ्या पायट्याचा पट्टा मिस्त्रीने बसवून दिला होता, तो सैल आहे असं काकांचं म्हणणं आणि काकांचा पायच जड आहे असं मिस्त्रीचं. दुकानाच्या पायरीवर बसून दोघं तासतासभर एकमेकांची अक्कल काढत. अशाने आमच्या कामावर पाणी पडेल म्हणून काकांनी मिस्त्रीपासून वीस पावलं लांब राहावं, असं पत्र मी त्यांना सुवाच्य अक्षरात पाठवलं.

एका सोमवारी मिस्त्री आपण होऊन माझ्या घरी आला. हात पुसलेले होते.

"सचिवसाहेब, एक काम होतं," तो म्हणाला. "बायकोचं ऑपरेशन आहे बुधवारी. पोटात गाठ निघालीय. दवाखान्यात म्हणतात, एक माणूस सारखा दाराशी बसलेला हवा. मी बसलो तर औषधं कोण आणणार? आमचं इथं दुसरं कोणी नाही. तुमच्यातलं कोणी एक जण येईल का? नुसतं बसायचं."

मी पत्रक काढून बघितलं. हसू, चहा, धीर, क्षमा. 'बसणे' असा प्रकार नव्हता. नवा प्रकार घालायचा तर पोटसमिती नेमावी लागते. शिवाय बुधवारी समितीची आढावा सभा होती आणि तिचा विषय मिस्त्रीच होता.

"बुधवार सोडून दुसरा दिवस नाही का जमणार?" मी विचारलं. "उलट तुम्हीच सभेला यायला हवं. सगळे तुम्हाला बघायला येणार आहेत."

मिस्त्रीने चपला पायात सरकवल्या. "बरं," म्हणाला आणि गेला. तो गप्प बसायला शिकला याची मी त्याच रात्री नोंद केली. प्रकार: धीर.

बुधवारची सभा उत्तम झाली. अध्यक्षांनी आलेखाच्या साहाय्याने मिस्त्रीच्या शिव्यांत झालेली घट दाखवली. (घट खरी होती. तो दुकानात बसायचाच बंद झाला होता.) त्याच्यासाठी पुढची खुर्ची राखून ठेवली होती, तिच्यावर हार होता. तो आला नाही. गीतालाही ऑर्गनची साथ नव्हती, कारण काकाही आले नव्हते. दोघांच्या गैरहजेरीची नोंद झाली. जाताना एकाहत्तर सभासदांनी समोरच्या बंद शटरपाशी रांग लावून शिस्तीत शिक्का मारून घेतला.

दोन दिवसांनी कळलं ते असं. सोमवारी माझ्या घरून परतताना मिस्त्रीला पायरीवर काका भेटले. त्याने काही विचारलंही नव्हतं. काकांनी त्याचं तोंड बघून "काय झालं रे?" म्हटलं, आणि बुधवारी सकाळी सहाला ते दवाखान्यात हजर झाले. नऊ तास बाकावर बसले. पंख्याच्या आवाजावरून वॉर्डबॉयशी भांडले. मिस्त्री औषधं घेऊन आला की दोघं पट्ट्यावरून हळू आवाजात भांडायचे, म्हणजे मिस्त्रीचं लक्ष दाराकडे जायचं नाही. गाठ साधी निघाली. डॉक्टरांनी तसं सांगितल्यावर मिस्त्री रडला आणि काकांनी त्याला "गप्प बस, माणसं बघतायत" असा दम दिला.

आता याची नोंद होणं गरजेचं होतं. मी पत्रक घेऊन काकांकडे गेलो. ते नको नको म्हणत होते, शेवटी वैतागून त्यांनी ते भरलं. मी घरी येऊन वाचलं. प्रभाव टाकणाऱ्याचं नाव: मिस्त्री. प्रकार: शेजारी बसू दिलं. चौथ्या रकान्यात, जिथे प्रभावित व्यक्तीचं नाव लिहायचं, तिथे काकांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि पुढे सही केली होती.

पत्रक रद्द करावं लागलं. मिस्त्री सभासद नसल्याने त्याला प्रभाव टाकण्याचा अधिकारच नाही. पण रद्दचा शेरा मारण्याआधी मी कपाटातली सगळी जुनी पत्रकं काढून चाळली. सहाशेच्या वर होती. चौथ्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलेला कागद हा एकच. मला लाज वाटली, अगदी खरी. पण लाज हा प्रकार यादीत नसल्याने ती नोंदवता आली नाही, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या बैठकीची तयारी करायला बसलो.

समितीचं काम आता गल्लीबाहेर वाढत आहे आणि नवे सभासद हवे आहेत. ते कसे ओळखायचे, हे मला अनुभवाने कळलं आहे. हे वाचताना तुमच्या डोळ्यांसमोर कोणीतरी आलं असेल. मेहुणा, शेजारीण, कचेरीतला एखादा, तुमच्या मंडळीतले एखादे वडीलधारे. "हे त्यांना वाचायला द्यायलाच हवं," असं मनात आलं असेल. ते नाव चौथ्या रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात तुमचं नाव मी सुवाच्य अक्षरात आधीच लिहून ठेवलं आहे. शिक्का दोरीला बांधलेला आहे.