लिफ्ट नसलेलं कॉलेज

"लिफ्ट किती आहेत तिथे?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही. दोनच तर मजले आहेत, बाबा."

बाबा तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते आणि कुठल्याही संस्थेची पत लिफ्टवरूनच जोखत. शहरातल्या मोठ्या विद्यापीठात अकरा लिफ्ट होत्या, त्यातल्या चार कायम बंद. त्यामुळे त्या विद्यापीठाबद्दल त्यांना विशेष आपुलकी होती. मुलीला मात्र हवं होतं टेकडीवरचं छोटं कॉलेज. तिथे एका वर्गात बाराच मुलं, आणि कविता, गणित, आकाशातले तारे असं सगळं एकाच विद्यार्थ्याला शिकता येई. प्रवेश मिळणं महाकठीण.

"विद्यापीठाच्या लिफ्टमध्ये आठवडाभर प्रत्येकाला विचारलं मी. कुणी तुझ्या कॉलेजचं नावसुद्धा ऐकलेलं नाही!"

"ज्यांना ते कॉलेज माहीत आहे, ते तुमच्या लिफ्टमध्ये कशाला येतील?"

शेवटी तोडगा निघाला. मुलाखतीला दोघांनी जायचं, आणि बाबांना पटलं तरच त्यांनी पालक म्हणून फॉर्मवर सही करायची.

मुलाखतीला पंधरा मिनिटं असताना बाबा "जरा बांधकाम बघून येतो" म्हणून गेले. मुलीची फाईल त्यांच्या काखेतच राहिली.

वरच्या मजल्यावर एक दार उघडं होतं. आत गोल टेबलाभोवती अकरा मुलं आणि एक बाई. मागे बसून थोडं ऐकावं आणि सटकावं, म्हणून बाबा शेवटचा बाक शोधू लागले. गोल टेबलाला शेवट कुठून असणार? बाईंनी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा ना. माणसाला वाट का पाहवत नाही, यावर बोलतोय आम्ही. तुम्हाला काय वाटतं?"

बाबा चाचरले. "लिफ्टचं बटण माणूस पाच वेळा दाबतो. खरं तर पहिल्याच वेळी काम झालेलं असतं. बाकीच्या चार वेळा तो स्वतःची समजूत घालत असतो."

दोन मुलांनी ते लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, "पुढे?"

तीस वर्षांत लोकांनी बाबांना "किती वेळ लागेल?" एवढंच विचारलं होतं. बाबा पुढे बोलले. मग खडू घेऊन फळ्याशी गेले.

खाली मुलगी रडकुंडीला आली होती. गुणपत्रिका नाही, प्रमाणपत्रं नाहीत. "मग नुसतंच बोलू या," म्हणत प्राचार्यांनी तिला पाऊण तास बोलतं केलं आणि जागा पक्की केली. कागद तेवढे हवे होते. दोघं बाबांना शोधायला निघाले. इमारत इतकी लहान, की दोन मिनिटांत सापडले.

"बाबा! माझी फाईल!"

"थांब गं जरा," बाबा न वळताच म्हणाले, "वजनाचा मुद्दा राहिलाय."

तास संपल्यावरच ते बाहेर आले. बोटं खडूनं पांढरी झाली होती.

"मला घेतलंय, बाबा. आता तुमची सही."

"इथे माणसाचं ऐकून घेतात गं," बाबा हळूच म्हणाले. त्यांनी तिच्या हातातला न भरलेला फॉर्म खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि रिकाम्या वर्गाकडे पाहत सही केली.

मुलीनं फॉर्म पाहिला. पालकाची जागा कोरीच होती. सही होती विद्यार्थ्याच्या जागी, नेहमीपेक्षा ठळक.

कार्यालयाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाकडे जाऊन तिनं दुसरा फॉर्म मागितला.

"पहिला खराब केलात वाटतं?"

"नाही हो," ती म्हणाली, "तो बरोबरच भरलाय. मला माझ्यासाठी आणखी एक हवाय."