साठ पायांचा पाठ

बुधवारी दुपारी तिसरीच्या वर्गाने तोच पाठ चौथ्यांदा शिकून संपवला, तेव्हा कुठे लितियाबाई खुर्चीवर टेकल्या.

दुसऱ्या दिवशी लंबासा शहरातून शिक्षणाधिकारी गाउंडर साहेब वर्गनिरीक्षणाला येणार होते. वुनिदोगोच्या शाळेत लितियाबाईंची नोकरी अजून कच्ची होती. साहेबांचा शेरा चांगला पडला की नोकरी पक्की, तीही आपल्याच गावात, आईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वाईट पडला तर बदली कुठल्या तरी लांबच्या बेटावर, जिथे बोटसुद्धा मनात आलं तरच येते. आणि गेल्या वर्षी साहेबांनी त्यांचा पाठ पाहून दोनच शब्द लिहिले होते, 'तयारी कमी.' ते दोन शब्द बाईंच्या असे काही जिव्हारी लागले होते की यंदा त्यांनी श्वास कुठे घ्यायचा हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

पाठ होता दहाच्या पाढ्याचा. चिखलातल्या खेकड्याला नांग्या धरून दहा पाय असतात. तेव्हा झाकलेल्या टोपलीत सहा खेकडे ठेवायचे, आत काय आहे ते मुलांनी ओळखायचं, मग एकेक खेकडा वर काढत पाढा म्हणायचा, असा बेत होता. बाईंची आई सेनिमिली तिवरांच्या चिखलातले खेकडे धरून बाजारात विकायची, म्हणून साहित्याची चिंता नव्हती. मुलांना उत्तरं पाठ झाली होती. कुठे हसायचं, कुठे गप्प बसायचं, तेही ठरलं होतं. टोपली उघडल्यावर 'आऽऽ' म्हणून चकित व्हायची तर वेगळी तालीम झाली होती.

"बाई, आता पुरे करा," हेडमास्तर वाइसाके दारातून म्हणाले. "आमची नात काल रात्री ताटातला कसाव्याचा कंद बघून 'आऽऽ' म्हणाली. बायको घाबरली ना माझी."

"सर, तयारी कमी पडायला नको."

"कमी पडत नाहीये. उतू जातेय."

गुरुवारी सकाळी आईने टोपली आणून दिली. झापांचं विणलेलं झाकण वर, त्यावर घट्ट दोरी.

"तालमीतले खेकडे दमले गं पोरी, मान टाकली त्यांनी," सेनिमिली म्हणाली. "हे ताजे आहेत. नांग्या बांधल्यात. पण आता उघडून बघत बसू नकोस. एखादा सुटला तर परत बांधायला मी नाहीये. माझी बस निघाली."

बाईंनी उघडून बघितलं नाही. तयारीच्या एवढ्या मोठ्या यादीत नेमकी तेवढीच गोष्ट राहिली.

गाउंडर साहेब आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट, चकचकीत काळे बूट आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवण्याची सरकारी सवय घेऊन. वर्गात मोठी खुर्ची एकच, ती बाईंची. साहेबांनी ती नाकारली आणि मागच्या भिंतीशी तिसरीतल्या पोराच्या खुर्चीवर बसले. गुडघे हनुवटीपर्यंत आले, पण हातात वही-पेन तयार होतं.

लितियाबाईंनी ठरलेला श्वास घेतला. "मुलांनो, आज आपण काहीतरी नवीन शिकणार आहोत."

"होऽऽ मॅडम!" वर्ग ओरडला. इथवर सगळं ठीक होतं.

"सांगा बरं, या टोपलीत काय असेल?"

ठरल्याप्रमाणे एकाने 'नारळ' म्हणायचं होतं, दुसऱ्याने 'मासे', आणि मग विचार करकरून तिसऱ्याने 'खेकडे'. पण साहेबांना बघून वर्गाला जोर चढला होता.

"खेकडे!" सगळे एका सुरात ओरडले. "सहा! दहा सक साठ! साठ पाय!"

पंधरा मिनिटांचा पाठ एका दमात संपला. मागून पेनाची कुरकुर ऐकू आली.

"अरे वा," बाई म्हणाल्या. "पण कशावरून?"

पहिल्या रांगेतली लोसालिनी मदतीला धावून आली. "मॅडम, 'कशावरून' नंतर आहे. आत्ता तुम्ही 'अरे वा, कसं ओळखलंत?' असं म्हणता. मग आम्ही हसतो."

आणि वर्ग हसला. ठरल्याप्रमाणे, एकदम आणि सारखा.

"हा पाठ आधी झालाय का?" साहेबांनी मागून विचारलं.

"फक्त चार वेळा," लोसालिनी अभिमानाने म्हणाली.

पेन पुन्हा कुरकुरलं. लितियाबाईंच्या डोळ्यांसमोर ते लांबचं बेट आलं. आता करण्यासारखं एकच होतं. त्यांनी टोपलीची दोरी सोडली, झाकण काढलं, आणि वर्गाने तोंडं वासून 'आऽऽ' केलं. खुद्द बाईंच्या तोंडून मात्र निघालं, "अगं आई गं!" हे तालमीत नव्हतं.

वरचाच खेकडा लंगडा होता. एका बाजूचे दोन पाय गायब.

"साठ नाहीत!" मागच्या रांगेतला एपेली ओरडला. हा मुलगा तालमीत 'चटईवर नीट बसणे' एवढ्याच कामावर होता. "मॅडम, साठ नाहीत! ह्याला आठच आहेत!"

"साठच!" लोसालिनी उसळली. "चार वेळा साठ आलेत!"

"मोज की मग!"

"तूच मोज!"

"सगळे मोजूया," लितियाबाई म्हणाल्या. आता त्यांना काही ठरवलेलं आठवत नव्हतं, आणि आठवून उपयोगही नव्हता. त्यांनी टोपली सरळ चटईवर पालथी केली.

खेकड्यांच्या नांग्या बांधलेल्या होत्या, पाय नव्हते. सहाही खेकडे सहा दिशांना तिरके सुटले. अख्खी तिसरी गुडघ्यांवर आली. "धर! धर! माझा पळाला!" "माझे नऊ! नऊच आहेत!" "अरे हलू नकोस ना, परत मोजावं लागतंय!" "मी नाही हलत, तो हलतोय!" कुणी बाकाखाली शिरलं, कुणी कपाटामागे. लोसालिनीने एक खेकडा कचऱ्याच्या डब्यात कोंडला आणि झाकणाच्या फटीतून त्याचे पाय मोजू लागली.

अंगाने सगळ्यात मोठा खेकडा मात्र साहेबांकडे निघाला होता. वाटेत कुठेतरी त्याची दोरी सुटली होती. दोन्ही नांग्या वर करून तो त्या चकचकीत काळ्या बुटांसमोर थांबला.

गाउंडर साहेबांचं सगळं आयुष्य उसाच्या शेतांच्या मुलखात गेलं होतं. खेकडा त्यांना फक्त रश्शातला माहीत होता.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "हा पाठाचा भाग आहे का?"

"पाय वर घ्या सर!" एपेली ओरडला.

साहेबांनी पाय वर घेतले. खेकडा पुढे सरकला. मग साहेब खुर्चीवर उभे राहिले. वही खाली पडली, खेकड्याने ती पकडली आणि सोडली नाही. नेमक्या त्याच क्षणी हेडमास्तर वाइसाके स्वागताचा फुलांचा हार घेऊन वर्गात आले. साहेब खुर्चीवर ताठ उभे, पोरं जमिनीवर रांगतायत, लितियाबाई कपाटाखाली अर्ध्या शिरलेल्या. हेडमास्तरांनी बत्तीस वर्षं नोकरी केली होती. कधी काय विचारायचं नाही, हे ते शिकले होते. ते पुढे गेले, टाचा उंचावल्या आणि साहेबांच्या गळ्यात हार घातला.

"बुला विनाका, सर," त्यांनी नमस्कार केला.

"बुला," साहेब वरून म्हणाले. "जरा तो खेकडा घेता का?"

हेडमास्तरांनी मागून दोन बोटांत खेकडा उचलला. पण साहेब खाली उतरले नाहीत. उंचावरून त्यांना सगळा वर्ग दिसत होता, आणि खाली मोठा वाद पेटला होता.

"सत्तावन्न!" एपेली म्हणत होता. "आठ, नऊ, आणि बाकी चौघांचे दहा-दहा."

"मग साठ का नाहीत?"

"तीन तुटलेत म्हणून! साठातून तीन गेले."

"पण पाढा चुकतो का मग?" लोसालिनी रडकुंडीला आली होती.

"पाढा नाही चुकत गं," एपेली समजुतीने म्हणाला. "खेकडे चुकतात. पाय परत फुटतात त्यांना. माझे काका सांगतात. तेव्हा होतील साठ."

"आणि असे लंगडे दहा खेकडे असले तर?" वरून आवाज आला. गळ्यात हार घातलेले साहेब खुर्चीवरून विचारत होते. "प्रत्येकाला आठच पाय. मग किती?"

हे कुणालाच पाठ नव्हतं. मग कुणी बोटं मोजली, कुणी चटईवर रेघा ओढल्या, आणि लोसालिनीने नाक पुसून हात वर केला. "ऐंशी! दहा वेळा दोन-दोन कमी, म्हणजे वीस गेले!"

"बरोबर!" साहेब म्हणाले आणि खुर्चीवरच टाळ्या वाजवू लागले. खुर्ची डगमगली. हेडमास्तरांनी एका हाताने खेकडा आणि दुसऱ्या हाताने साहेब सावरले.

पाठ संपल्यावर लितियाबाई कचेरीत साहेबांसमोर बसल्या. घरी गेल्यावर कपड्यांची पेटी कुठून काढायची, याचा त्या विचार करत होत्या.

"खरं सांगू?" साहेब म्हणाले. "पहिली पाच मिनिटं मी मनात तुमची बदली करून टाकली होती. पोपटपंची! आणि मग कळलं, तुम्ही ते मुद्दाम केलंत. आधी पोरांना घोकलेल्या उत्तरावर अडकवलंत आणि मग टोपलीत पाय तुटलेले खेकडे! आणि सुटलेला खेकडा थेट माझ्याकडे! पाहुण्यालाही पाठात ओढलंत."

"सर, ते ठरवलेलं नव्हतं हो," लितियाबाई कळवळून म्हणाल्या. "आईने काय दिलंय ते मी बघितलंसुद्धा नव्हतं."

"बघा, वर हा विनय!" साहेबांनी कोपरा कुरतडलेली वही उघडली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तयारी उत्कृष्ट.'

संध्याकाळी आई बाजारातून परतली तेव्हा लितियाबाई पायरीवर बसून हसत होत्या आणि रडतही होत्या.

"आई, लंगडे खेकडे का घातलेस गं टोपलीत?"

"मग काय धडके घालू?" सेनिमिली पिशव्या उतरवत म्हणाली. "धडके बाजारात विकले जातात. लंगडे कोण घेतंय? म्हटलं, शाळेला चालतील."

आईचा हा हिशेब मात्र फार दिवस टिकला नाही. गाउंडर साहेब जातील त्या शाळेत वुनिदोगोच्या पाठाचं कौतुक करू लागले, आणि जिथे जिथे निरीक्षण जवळ आलं होतं तिथल्या बाई-मास्तर बाजारात सेनिमिलीला शोधत येऊ लागले.

"मावशी, लंगडे आहेत का?"

"धडके आहेत, चांगले भरलेले. घेऊन जा."

"नको हो, लंगडेच द्या. साहेब येतायत!"

महिनाभराने किनाऱ्यावरच्या आणखी एका शाळेत साहेब निरीक्षणाला गेले. मागच्या भिंतीशी लहान खुर्ची मांडलेली होती. समोर झाकलेली टोपली होती. मास्तरांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाले, "मुलांनो, आज आपण काहीतरी नवीन शिकणार आहोत." हे ऐकताच साहेबांनी मुकाट्याने वही बगलेत मारली आणि ते खुर्चीवर चढून उभे राहिले.

वर्गातून एक मुलगी धावतच त्यांच्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, खाली बसा. तुमचं अजून आलेलं नाही. आधी आम्ही चुकायचंय."