बरणीतले अप्पा

प्लॅस्टिकच्या पुतळ्यावरचा रंग सुखरूप कसा काढावा, हे अख्ख्या परभणी जिल्ह्यात आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे, असं रुद्रेशचं ठाम मत होतं. ते खोटंही नव्हतं. बाकी कुणाचं त्यावाचून काही अडलंच नव्हतं.

"थिनरमधी टाकलं की प्लॅस्टिकचा शिरा होतो," तो बायकोला समजावत होता. "फरशी पुसायच्या औषधात दोन तास बुडवायचं अन् मऊ ब्रशनं घासायचं. रंग जातो, माल ऱ्हातो. एका सैनिकावर करून बघितलंय मी."

"बघितलंय ना, मग करा," शिवरंजनी म्हणाली. "फकस्त अप्पाला परत पोलीस करू नका."

अप्पा म्हणजे रुद्रेशचे सासरे गुरुसिद्धप्पा, पूर्णेचे रेल्वेगार्ड. एकतीस मेला रिटायर होणार होते. रुद्रेश वीज कंपनीत कामाला आणि सुटीच्या दिवशी बोटभर उंचीचे पुतळे करण्यात दंग. "जावई बाहुल्या खेळतंय," असं सासऱ्यांनी सहा वर्षांत इतक्या पाहुण्यांना ऐकवलं होतं, की आता निरोप समारंभात भर सभेत त्यांच्याकडून एक शाबासकी वसूल करायची, असा रुद्रेशने पणच केला होता.

त्यासाठी त्याने खेळण्यातले दोन सैनिक घेतले, त्यांच्या बंदुका कापल्या, डोकी आणि हात नव्याने चिकटवले. एकाच्या हाती हिरवी झेंडी दिली, ते अप्पा. दुसऱ्याला एम-सीलचं लुगडं नेसवून हातात जेवणाचा डबा दिला, त्या सासूबाई नागुबाई. सगळं झकास जमलं, फक्त अप्पांच्या पांढऱ्या वर्दीला हा पठ्ठ्या खाकी रंग देऊन बसला. तोही तीन थर!

औषधाचा वास घरभर होऊ नये म्हणून त्याने चिनी मातीची बरणी घेतली, दोन्ही पुतळे आत बुडवले, झाकण लावलं आणि वर फडकं बांधलं. तेवढ्यात फोन आला. वालूरकडे वादळाने खांब आडवे झाले होते. दारात जीप उभी राहिली आणि रुद्रेश बरणी ओट्यावर तशीच टाकून निघाला.

दोन तासांचे तीन दिवस झाले.

एकतीस तारखेला सकाळी तो घरी परतला, तर दोन दिवसांपूर्वी खरेदीला म्हणून येऊन राहिलेल्या सासूबाई दारातच भेटल्या.

"शरणार्थ मामी. ओट्यावरची बरणी कुठं हाय?"

"हाय की गच्चीवर," नागुबाई कौतुकाने म्हणाल्या. "लोणच्याला ऊन नको का? सकाळ-संध्याकाळ हलवायले मी, न्हाई तर खार तळाला बसतो."

"आई, ते लोणचं तू आणलेलं न्हाई?" शिवरंजनी आतून धावत आली. "मला वाटलं, तुझीच बरणी हाय."

"मला वाटलं, तुझी. म्हणून तर उघडली न्हाई. दुसरीच्या हातची बरणी उघडली की लोणचं नासतं."

गच्चीवर जाऊन रुद्रेशने फडकं सोडलं. रंग अगदी साफ निघाला होता. त्या रंगाबरोबर डोकी, चारही हात, झेंडी, डबा, जे जे म्हणून त्याने चिकटवलं होतं, ते एक लुगडं सोडून सगळं सुटं होऊन तळाशी निवांत पडलं होतं. ज्या सैनिकावर त्याने आधी प्रयोग केला, तो मुळात अखंड होता. त्याला कुठे जोडच नव्हता, हे जिल्ह्यातल्या एकमेव तज्ज्ञाला आत्ता आठवलं.

"कार्यक्रम संध्याकाळी हाय," नागुबाई ओशाळून म्हणाल्या. "तुमी रंग द्या, जावईबापू. चिकटवायचं मी बघते."

रुद्रेशने सगळे तुकडे धुतले, वाळवले, डोकी बसवली, हात सासूबाईंवर सोपवले आणि रंग दिला. या खेपेला पांढरा. पण तीन दिवसांचं जागरण होतं. ब्रश हातात असतानाच त्याला झोप लागली. जागा झाला तेव्हा खोक्याला चमकी कागद लागला होता आणि पूर्णेची गाडी गाठायला वीस मिनिटं उरली होती.

समारंभात गुरुसिद्धप्पांनी सगळ्यांसमोर खोकं उघडलं. रुद्रेशने मान उंचावून पाहिलं. लुगडं नेसलेल्या नागुबाई ताठ उभ्या राहून हिरवी झेंडी दाखवत होत्या. त्यांच्यापुढे पांढऱ्या वर्दीतले अप्पा डबा धरून उभे होते.

गुरुसिद्धप्पांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग ते गदगदून हसायला लागले, इतके की डोळ्यांतून पाणी आलं.

"छत्तीस वर्षं मी झेंडी दाखवली," ते माईकवर म्हणाले, "पण हिनं झेंडी दाखवल्याबिगर मी एक दिवस घरातून हाललो न्हाई. हे कुणाला दिसलं न्हाई, माझ्या जावयाला दिसलं. कलाकार हाय माणूस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सहा वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो असा दुसऱ्याच्या करणीवर मिळावा, हे रुद्रेशच्या मनाला टोचलं. खरं काय ते सांगून टाकावं म्हणून तो अर्धा उठला आणि परवानगीसाठी त्याने सासूबाईंकडे पाहिलं.

नागुबाईंनी हळूच मान आडवी हलवली.

झेंडी मिळाली नाही. रुद्रेश मुकाट्याने खाली बसला.