सगळ्यांचं आजोळ भादरण

समाजाच्या वस्तीपत्रकाचं, म्हणजे घरोघरच्या माणसांच्या माहितीच्या पुस्तकाचं, टायपिंग बाहेर द्यायचं नाही, घरच्या कॉम्प्युटरवर आपणच करायचं, असं जशभाईंनी एका सकाळी हांडवो खाता खाता ठरवलं. वीज मंडळातून निवृत्त होऊन सात महिने झाले होते आणि बायकोला, तरुबेनना, घरात त्यांची अडचण होऊ लागली होती. (हे जशभाई सोडून सगळ्यांना दिसत होतं.)

तेवीसशे माणसं. प्रत्येकाचं नाव, वय, शिक्षण, गाव आणि आजोळ. मी फॉर्म वाचून दाखवते, असं तरुबेन म्हणाल्या, तेव्हा जशभाई नुसते हसले. कारण दोन बटणं एकदम दाबली की आधीच्या नोंदीतली माहिती नव्या नोंदीत जशीच्या तशी उतरते, हा शोध त्यांना लागला होता. दोनच दिवसांत त्याहून मोठा शोध लागला. एका ठिकाणी खूण केली की बटणंही दाबावी लागत नाहीत, माहिती आपोआप पुढे येऊन बसते. सख्ख्या भावंडांचं आजोळ एकच, मग ते चारचारदा कशाला टाइप करायचं? जशभाईंनी आजोळापुढे खूण केली आणि दोन महिन्यांचं काम एकोणीस दिवसांत उरकलं. रिकामा रकाना माणूस भरतो, भरलेल्या रकान्याकडे कोण ढुंकून बघतं? प्रुफंही त्यांनीच तपासली. पुस्तक आल्यावर जो तो आपापला फोटो बघून खूश झाला.

आणि मग लेकीचं, जिगीषाचं, लग्न ठरत आलं. भादरणचा मौलिक तिला आवडला होता, तीही त्याला. रविवारी मौलिकचे आजोबा शनादादा नातवाला घेऊन आले, ते वस्तीपत्रक काखेत मारूनच. त्यांनी चहाला हातही लावला नाही.

"जशभाई, मुलगी लाखात एक आहे, पण हे जमायचं नाही. तिचं आजोळ भादरण. म्हणजे आमच्या गावची भाची. गावच्या भाचीला सून करून कशी नेऊ?"

जिगीषाचा चेहरा पडला. तरुबेननी नवऱ्याकडे बघितलं, आणि जशभाईंनी पुस्तक ओढून घेतलं. पहिलं नाव समाजाच्या प्रमुखांचं, आजोळ भादरण. ते बरोबर होतं. दुसरं नाव, भादरण. पान चाळीस, भादरण. अख्खा समाज भादरणच्या आजीच्या मांडीवर वाढला होता. दुसरा कोणी असता तर तिथेच गळाठला असता, पण जशभाई ते जशभाई.

"दादा, एकशे चार पान उघडा. तुमचंच घर आहे."

दादांनी चष्मा चढवला आणि आपल्या बायकोच्या नावापुढचा रकाना दोनदा वाचला.

"म्हणजे साठ वर्षं मी गावच्या भाचीबरोबर संसार करतोय?"

"पुस्तकाप्रमाणे तर तसंच आहे."

दादांचे खांदे हलायला लागले. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, चष्मा पुसावा लागला. जिगीषाच्या जिवात जीव आला. कॉम्प्युटरचा वेग आपल्या समाजाला जरा जास्तच पडला, असं जशभाईंनी ऐटीत समजावून सांगितलं. दादांनी खिशातून पेन काढलं.

"चला, आत्ताच दुरुस्त करू. जिगीषाचं आजोळ?"

"उत्तरसंडा," जशभाई ठणकावून म्हणाले. (स्वतःची सासुरवाडी माणूस विसरत नाही.)

"आणि तरुबेनचं?"

जशभाईंनी पंख्याकडे बघितलं. एकतीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न कधी आलाच नव्हता. पण रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"उत्तरसंडा," ते तितक्याच जोरात म्हणाले.

"ते माझं माहेर," तरुबेन शांतपणे म्हणाल्या. "माझं आजोळ वसो. लग्नात वसोच्या मामांनी यांना दिलेली अंगठी आत्ता यांच्या बोटात आहे."

दादांनी 'वसो' लिहिलं, पेन खिशाला लावलं, गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि नातवाकडे वळले.

"मौलिक, साखरपुड्याच्या आत या घरातल्या सगळ्यांची आजोळं पाठ कर. विचारायचं ते सासूला विचार."