ससेवहिनींचं बोलायचं राहिलं

एका जंगलात, बाळांनो, सगळ्या प्राण्यांनी एकमेकांना खायचं सोडलं होतं आणि आपापल्या मुलींना सॉफ्टबॉलला घातलं होतं. त्रास दोन्हींत सारखाच. फक्त सॉफ्टबॉलला डबा घरून न्यावा लागे.

चेंडू म्हणून कवठ होतं. कवठ लागलं की टेंगूळ येतं. मग त्याला सॉफ्ट का म्हणायचं, असं ज्याला विचारायचं असेल त्याने वर्गाबाहेर जाऊन उभं राहावं. गोष्ट पुढे जाऊ द्या.

जंगलात एक छान सपाट मैदान होतं. तिथे कुणीच खेळत नसे. घराजवळ खेळून मुलींचा विकास होत नाही, असं अस्वले सरांचं मत होतं. म्हणून संघ सारखा दौऱ्यावर. डोंगर ओलांडायचा, ओढा ओलांडायचा, दुसऱ्यांच्या जंगलात जायचं, तिथे हरायचं आणि परत यायचं. याला एक्स्पोजर म्हणतात. मोठे झालात की तुमचे आईबाबाही तुम्हाला देतील.

अस्वले सर हे संघाचे प्रशिक्षक. गळ्यात शिट्टी, अंगभर केस आणि तोंडात कायम 'पारदर्शक' हा शब्द. मैदानात एका वेळी नऊच जणी उतरतात. संघात मात्र पुष्कळ मुली होत्या, कारण कुणाला नाही म्हणणं सरांना जमत नसे. उरलेल्या मुली कडेला एका ओंडक्यावर बसत. सर त्याला ओंडका म्हणत नसत. राखीव फळी म्हणत.

आता नऊ जणी कशा निवडल्या जात ते ऐका.

सरांची स्वतःची मुलगी पिचर होती. ती डोळे मिटून कवठ फेकायची. सर म्हणत, ही तिची शैली आहे. गवेदादांची मुलगी पहिल्या बेसवर, म्हणजे धावताना पाय टेकायच्या पहिल्या थांब्यावर असे, कारण अख्खा संघ गवेदादांच्या पाठीवर बसून दौऱ्याला जाई. गवेदादा रुसले तर पायी जावं लागलं असतं. आणि घोरपडेकाकूंची बेबी. बेबी एखाद्या बेसवर पोचली की तिथेच उन्हात पसरायची. पण बेबीला वगळायची कुणाची छाती नव्हती. हंगामाच्या पहिल्याच दिवशी घोरपडेकाकूंनी सरांचा डावा पाय धरला होता आणि गोड आवाजात विचारलं होतं, "मग आमची बेबी कुठे खेळणार, सर?" सर पायाला चिकटलेल्या काकूंसकटच घरी गेले. तसेच जेवले, तसेच झोपले. सकाळी उठून त्यांनी बेबीला संघात घेतलं. तेव्हा कुठे काकूंनी पाय सोडला.

ओंडक्यावर अगदी टोकाला बसायची ती चिकू. शेवंता ससे यांची मुलगी. तिच्याइतकं जोरात त्या जंगलात कुणी पळत नसे. ती पळाली की आधी धूळ दिसायची आणि मग कळायचं की चिकू गेली. पण अख्ख्या हंगामात तिला कुणी एकदाही आत बोलावलं नव्हतं. तिची पँट मागून झिजली होती. ढोपरं मात्र नवीकोरी.

आणि हा शेवटचा हंगाम होता. सशांच्या मुली लवकर वाढतात. पुढच्या वेळी चिकू वयात बसणार नव्हती.

"आई, आज बोललीस का सरांशी?" चिकू रोज विचारायची.

"बोलले की."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, ढग आलेत."

"मग सर काय म्हणाले?"

"आलेत खरे, म्हणाले."

ससेवहिनींचा स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. त्या दचकत. पान गळलं की दचकत. पान गळलं नाही की आता गळेल म्हणून दचकत. कुणी नमस्कार केला तर आधी हातभर उडत, खाली येत आणि मग नमस्कार करत. दौऱ्याला निघायच्या आधी त्या बिळात उभ्या राहून सगळं घोकत. 'सर, एक विचारू का? चिकूला एकदा तरी खेळवा.' इतकंच. बिळात फार छान जमायचं. सरांसमोर गेलं की सर वळून बघायचे, आणि तोंडातून ढग निघायचे.

मग पालकांची सभा झाली. उंबराखाली. ओंडक्यावाल्या सगळ्या आया धुसफुसत होत्या. एक मुंगसीण तर म्हणाली, "आमची पोर काय बूड शेकायला आणलीय का इथवर?"

सरांनी शिट्टी वाजवली. ससेवहिनी उडाल्या आणि परत बसल्या.

"संघनिवड पूर्ण पारदर्शक आहे," सर म्हणाले. "संधी सगळ्यांना समान. नऊ जणींना खेळायची समान संधी. बाकीच्यांना बसायची समान संधी. सांगा, कुठे अन्याय दिसतो?"

सगळे विचारात पडले. कुठे दिसतो ते कुणालाच नेमकं दाखवता येईना.

"आणि आमची बेबी उगाच नाही खेळत," घोरपडेकाकू म्हणाल्या. "सकाळपासून उन्हात असते. बाकीच्या मुली तेव्हा सावलीत लोळतात."

"बेबी पण लोळतेच की," मुंगसीण म्हणाली.

"उन्हात लोळते. फरक आहे."

तेवढ्यात ससेवहिनींचा हात वर गेला. तो कसा गेला हे त्यांनाही कळलं नाही.

"बोला, ससेवहिनी," सर म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. वहिनींचे कान आधी ताठ झाले, मग एकेक करून पडले.

"काकड्या..." त्या म्हणाल्या. "पुढच्या दौऱ्याला काकड्या मी आणते. चिरून."

"बघा!" सर गहिवरले. "याला म्हणतात पालक!"

टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून अख्ख्या संघाच्या काकड्या ससेवहिनींच्या गळ्यात पडल्या. चिकूने घरी गेल्यावर काही विचारलं नाही. ती निमूट काकड्यांना मीठ लावायला बसली. ते वहिनींना फार लागलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि मग आला हंगामातला शेवटचा सामना. पल्याडच्या जंगलात, पल्याडकरांच्या संघाशी, करंडकासाठी.

पंच होते घुबडराव. त्यांना दिवसा दिसत नसे, म्हणून ते निःपक्षपाती समजले जात. शेवटचा डाव चालू होता. धावा बरोबरीत. आपली बेबी तिसऱ्या बेसवर होती. ती तिथवर कशी पोचली हा वेगळा विषय आहे. पल्याडकरांनी चार वेळा कवठ भलतीकडे फेकलं, त्यामुळे तिला चालत चालत पुढे जाता आलं. आता तिने होमपर्यंत यायचं, बस्स. होम म्हणजे जिथून खेळ सुरू होतो तीच जागा. तिथे पाय लागला की धाव, धाव झाली की करंडक.

पण दुपार कलती होती, ऊन तिसऱ्या बेसवर आलं होतं, आणि बेबी पोट टेकून डोळे मिटून पडली होती.

"बेबी, पळायचंय हं!" काकू ओरडल्या.

बेबीने शेपटीचं टोक हलवलं. म्हणजे ऐकलं.

ओंडक्यावर चिकू पुढे सरकून बसली होती. तिचे मागचे पाय आपोआप थरथरत होते. ससेवहिनींनी ते पाहिलं. काकडीची परात खाली ठेवली. हात पदराला पुसले आणि सरळ सरांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सर, एक विचारू का?"

एवढं वाक्य पूर्ण बाहेर आलं! बाळांनो, टाळ्या वाजवा. वहिनींना स्वतःलाच घाम फुटला.

सर वळले. हसले. "अहो, तुम्ही काय विचारणार ते मला माहीत आहे. चिकूचं ना?"

वहिनींनी मान हलवली.

"वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो. मुली बघून संघ निवडता येत नाही. पालक बघून निवडावा लागतो. बेबीला बसवलं तर माझा पाय जातो. गवेदादांच्या मुलीला बसवलं तर आपण सगळे चालत घरी. स्वतःच्या मुलीला बसवलं तर मला घरीच जाता येत नाही. मग ओंडक्यावर बसवू कुणाला? ज्यांचे पालक समजूतदार आहेत त्यांनाच ना? पहिल्या दिवशी तुम्ही मला बघून दचकलात, आणि मी तेव्हाच ठरवलं. ही मुलगी आपली. ओंडक्याची काळजी मिटली."

आणि त्यांनी वहिनींच्या पाठीवर प्रेमाने पंजा ठेवला. वहिनी उडाल्या, पण सवयीने थोड्याच.

त्यांना खूप काही म्हणायचं होतं. सगळं घशाशी आलं होतं. अख्ख्या हंगामाचे ढग, काकड्या, मीठ. ओठ हलत होते. नेमकं त्याच वेळी आपल्या बॅटरने कवठाला कसाबसा फटका मारला. कवठ वर गेलं, वाकडं गेलं, आणि थेट वहिनींच्या उजव्या कानाशेजारी खाली आदळलं.

थाड!

आणि ससेवहिनी किंचाळल्या.

तुम्ही सशाची किंकाळी ऐकली आहे का? नसेल. ससा सहसा किंचाळतच नाही. आयुष्यभर साठवून ठेवतो आणि एकदाच काढतो. ती किंकाळी डोंगरावर आपटून परत आली. गवेदादांनी खाली बसकण मारली. घुबडराव फांदीवरून पडले. पल्याडकरांची पिचर वानरी होती, तिने हातातलं दुसरं कवठ पोटाशी घट्ट धरलं आणि ती डोळे फिरवत उभी राहिली. अस्वले सरांच्या अंगावरचा केस न् केस ताठ झाला.

"वहिनी, नको! परत नको!" सर हात जोडून म्हणाले. "घेतो! चिकूला घेतो! आत्ता घेतो!"

ते धावत ओंडक्याकडे गेले. चिकू दगड होऊन बसली होती. सशांच्या घरी लहानपणापासून शिकवतात की आई किंचाळली म्हणजे मोठं संकट. आधी दगड व्हायचं, जरा श्वास घ्यायचा, आणि मग घराकडे सुटायचं. वाटेत कशासाठीही थांबायचं नाही. चिकू पहिल्या पायरीवर होती. सरांनी तिला तशीच उचलली, काखेत मारली आणि तिसऱ्या बेसवर नेऊन ठेवली. बेबीला शेपटीला धरून बाजूला ओढलं.

"सर!" घोरपडेकाकूंनी झेप घेऊन सरांचा डावा पाय धरला. "बेबी पळणारच होती!"

"धरा, खुशाल धरा," सर घाम पुसत म्हणाले. "वहिनी परत ओरडण्यापेक्षा हे बरं."

"खेळ चालू!" घुबडराव जमिनीवरूनच भलत्या झाडाकडे बघत ओरडले.

वानरीचे डोळे अजून फिरतच होते. तिने कवठ फेकलं, ते कॅचरच्या डोक्यावरून मागे गेलं, आणि त्याच क्षणी चिकूची शेवटची पायरी सुरू झाली.

आधी धूळ दिसली.

होम नेमकं घराच्या वाटेवर होतं. चिकूचा पाय त्यावर पडला आणि पुढे गेला. मैदानाबाहेर गेला. ओढ्यापार गेला. डोंगरावर एक ठिपका दिसला, आणि मग तोही दिसेना.

"धाव!" घुबडराव म्हणाले. त्यांना पावलांचा आवाज ऐकू आला होता.

करंडक मिळाला! काय तो जल्लोष! सरांनी पाय झटकत झटकत भाषण केलं. "या मुलीवर पहिल्या दिवसापासून माझं लक्ष होतं. योग्य वेळेसाठी राखून ठेवली होती."

"तिसऱ्या बेसपर्यंत कोण पोचलं होतं?" घोरपडेकाकू खालून म्हणाल्या. "आमचीच ना? पुढे काय, कुणीही पळेल."

करंडकासोबत सगळ्यांचं चित्र काढलं गेलं. मधोमध बेबी होती, कारण तिला तिथून हलवता येत नव्हतं.

ओंडक्यावाल्या आयांनी ससेवहिनींभोवती गराडा घातला. मुंगसीण हळूच म्हणाली, "वहिनी, ते पोटातून काढलंत की घशातून? मला शिकवाल का?" दुसरी म्हणाली, "आधी मला. माझी पोर लहान आहे, अजून बरेच हंगाम आहेत तिचे." वहिनी हातभर उडाल्या आणि खाली आल्या. त्यांनी परात उचलली आणि सगळ्यांना काकड्या वाटल्या. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून त्या घराकडे सुटल्या.

बिळात अगदी आतल्या कोपऱ्यात चिकू अंग चोरून बसली होती.

"आई! आलीस! कोण होतं? वाघ?"

"नाही ग. कवठ."

"नुसतं कवठ?"

"कानाशीच पडलं ग," वहिनी ओशाळून म्हणाल्या. मग तिच्याजवळ टेकल्या. "चिकू, आपण जिंकलो. तू जिंकून दिलंस."

"मी?" चिकूचे कान उभे राहिले. "मी खेळले?"

"हो."

"कधी?"

"घरी येताना. वाटेत."

चिकूने डोळे मिटले. तिने आठवून पाहिलं. धूळ आठवली, ओढा आठवला, काटा लागला होता तो आठवला. मैदान काही आठवेना.

"परत कधी आहे सामना?"

"आता नाही. आता तू मोठी झालीस."

"सांगायचं तरी ना ग आई," चिकू म्हणाली. "जरा हळू पळाले असते."

तात्पर्य: गुणी मुलीला संधी मिळतेच. फक्त आधी तिच्या आईच्या कानाशी कवठ पडावं लागतं. तोवर आईने काकड्या चिराव्यात.